ताई आणि नवी

नवीला ताईंनीच घरात आणलं होतं, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

ताई म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या अपघात विभागाच्या सर्जन. अपघाताच्या, पडझडीच्या, मारामारीच्या केसेस आधी त्यांच्याकडे यायच्या, आणि वाचल्या तर पुढे त्यांच्याच अतिदक्षता कक्षात. हुद्दा सहयोगी प्राध्यापक. हा हुद्दा त्यांना तसा लवकर मिळाला होता. मग मात्र तो अंगाला चिकटूनच बसला. नवी त्यांच्या हाताखाली शिकायला आली तेव्हा तिला टाकाही धड घालता येत नव्हता. पण मुलगी चटपटीत, हसरी, विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी. ताईंचा धाकटा भाऊ तेव्हा लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. ताईंनी दोघांना एकदा आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि स्वतः मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळल्या. झालं काम.

घरात आधीची एक सून होती, थोरल्या भावाची. म्हणून ही ‘नवी’. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिचा मुलगा शाळेत जायला लागला, तरी ती नवीच. ताईंना पुढे पुढे या नावाचासुद्धा राग यायला लागला. बाकी सगळ्यांनी जुनं व्हायचं आणि हिने तेवढं नवं राहायचं!

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने झाली. एका मोठ्या ऑपरेशननंतर दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून हात धूत होत्या. पेशंट गेला होता. ताई वैतागून म्हणाल्या, “रक्त भरलं, टाके घातले, सगळं केलं. पण बर्फासारखा गार पडला होता तो. गार पडलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही गं. आपण आपले ओततो वरून आणि ते वाहून जातं खालून.”

“मग यावर कोणी अभ्यास केलाय का, ताई?”

“मी सुरू केला होता. वेळ कुणाला आहे? तू कर, तुला हौस आहे तर.”

नवीने खरंच केला. कक्षात गरम हवा भरलेलं पांघरूण देणारी यंत्रं आली होती. ज्या जखमींना ते पांघरूण मिळालं आणि ज्यांना नाही मिळालं, त्यांच्यात वाचलं कोण, गेलं कोण, याची माहिती तिने नेटाने जमवली. ताई पाळ्यांमागून पाळ्या करत होत्या, कुणी रजेवर गेलं की त्याचीही पाळी ओढत होत्या. नवी मात्र दुपारी संगणकापुढे बसायची. ताई दारावरून जाता जाता म्हणायच्या, “काय, सावलीतलं काम चाललंय?” आणि नवी हसायची. तिला ती थट्टा वाटायची.

तिचा पेपर एका बड्या वैद्यकीय मासिकात छापून आला. पांघरूण मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी! अधिष्ठात्यांनी सभेत नवीचं नाव घेतलं, परदेशातून बोलावणं आलं. ताईंनी पेपर उघडून आधी आपलं नाव शोधलं. होतं. अगदी शेवटी, आभारात, ग्रंथपाल आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या मधोमध.

“कौतुक वाटत असेल ना तुम्हाला? तुमचीच विद्यार्थिनी,” जो तो म्हणायचा.

“हो तर,” ताई म्हणायच्या. आणि लगेच पुढच्या पेशंटची फाइल उघडायच्या.

त्यातच विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले. जागा एक. अर्ज दोघींनी केला; एव्हाना नवीही त्याच हुद्द्यावर आली होती. आईला विचारलं तर आई म्हणाली, “बरं झालं, कुणालाही मिळू दे, घरातच राहील.” ताईंना वाटलं, आपण या बाईच्या पोटच्या ना? निदान तिने तरी बाजू घ्यावी!

ताईंचे यजमान शाळेत भूमिती शिकवायचे. शांत माणूस. ताई रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे तेच गाऱ्हाणं मांडायच्या. “मी माणसं वाचवत बसले, ती पेपर लिहीत बसली. आता प्राध्यापक कोण होणार? पेपरवाली!”

“तुलाही लिहिता आला असता.”

“कधी? कुणाच्या पोटात हात घालून बसले असताना?”

यावर ते तपासायच्या वह्या पुढ्यात ओढत. कारण ते खरं होतं. आणि पूर्ण खरं नव्हतं, हेही दोघांना माहीत होतं. ताईंनी आपला अभ्यास सोडला तो काही फक्त वेळेअभावी नाही. एका मासिकाने त्यांचा पहिला लेख परत पाठवला होता, ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

नवीचा पेपर ताईंनी किती वेळा वाचला याला गणती नाही. रुग्णालयाच्या वाहनतळावर गाडीत बसून वाचायच्या, काच वर करून, कुणी पाहू नये म्हणून. दुखऱ्या दाताला जीभ पुन्हा पुन्हा लागावी तसं. आणि असंच वाचताना एका दुपारी त्यांना रंगारी आठवला.

इमारतीच्या परांचीवरून पडलेला रंगाऱ्याचा धंदा करणारा तो माणूस. नखांत निळा रंग. त्याला आणलं तेव्हा ताईच होत्या. त्यांनी ओरडून पांघरुणाचं यंत्र मागवलं, पण ते पलीकडच्या कक्षात अडकलं होतं. ते येईपर्यंत माणूस गेला. ताईंना वाटलं, हा कोणत्या गटात धरला असेल हिने?

त्या उठून तडक संशोधनाचं काम पाहणाऱ्या सिस्टरकडे गेल्या.

“तो रंगारी? पांघरूण न मिळालेल्यांत, मॅडम,” सिस्टर म्हणाली. “मिळालंच नव्हतं ना त्याला.”

“आणि असे बाकीचे? यंत्र यायच्या आत गेलेले?”

“ते सगळे त्यातच.”

ताई जिन्यात येऊन थांबल्या. म्हणजे जो पांघरूण येईपर्यंत तग धरून राहिला, तोच पांघरुणाच्या गटात गेला. जे आधीच गेले ते आपोआप दुसऱ्या गटाच्या माथी. पांघरुणाने माणसं वाचली की वाचणाऱ्या माणसांनाच पांघरूण मिळालं? निम्म्या मृत्यूंची ती सगळी ऐट या एका चुकीवर उभी होती! मासिकाच्या तपासनिसांना दिसलं नाही, अधिष्ठात्यांना दिसलं नाही. ताईंना दिसलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कडकडून भूक लागली.

त्या रविवारी सगळे आईकडे जेवायला जमले होते. जेवणं झाल्यावर ताई भांडी विसळत होत्या आणि नवी पुसून ठेवत होती. बाहेर भाऊ आणि ताईंचे यजमान नवीच्या मुलाला सायकल शिकवत होते. त्यांचा आरडाओरडा आत ऐकू येत होता.

“ताई,” नवी म्हणाली, “पुढच्या आठवड्यात निवड समितीपुढे बोलायचं आहे. मी याच अभ्यासावर बोलणार आहे. तुम्ही पेपर नीट वाचलात का हो? काही खटकलं का तुम्हाला? तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही.”

ताईंच्या हातात काचेचा पेला होता. त्यांनी तो दोनदा विसळला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “काही नाही खटकलं.”

“बाई, जीव भांड्यात पडला!” नवी म्हणाली आणि तिने हातातलं फडकं झटकलं.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ताईंचं स्वतःचं बोलणं सकाळीच झालं होतं. बरं झालं होतं, पण समितीतल्या एकाने मधेच घड्याळ पाहिलेलं ताईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. नवी बोलायला उभी राहिली आणि लोक खुर्चीत पुढे सरकून बसले. तिचं संपल्यावर टाळ्या झाल्या. मग ताईंनी हात वर केला.

“एक शंका आहे,” ताई गोड आवाजात म्हणाल्या. “आपल्याकडे एक रंगारी आला होता. पांघरूण येण्याआधीच गेला. तो कोणत्या गटात धरलाय?”

“पांघरूण न मिळालेल्या—” नवी बोलता बोलता थांबली.

नवी पडद्याकडे वळली, स्वतःच्याच आकड्यांकडे बघत राहिली. तिच्या मानेवर लाली चढत गेली ती ताईंना मागून स्पष्ट दिसली. ताईंना वाटलं होतं, आता ही सारवासारव करील, आणि मग आपण एकेक करून सगळं सोलून काढू. पुढचे तीन प्रश्न त्यांनी तयार ठेवले होते.

नवी परत वळली. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “हे चुकलंय. असे जेवढे असतील तेवढे सगळे चुकीच्या बाजूला गेलेत. म्हणजे मी आत्ता जो फायदा सांगितला तो एवढा नाही. कदाचित मुळीच नाही. मी सगळं पुन्हा तपासते आणि मासिकाला तसं कळवते. आता यापुढे मी काही बोलणं बरोबर नाही.”

आणि ती खाली उतरली.

ताईंचे ते तीन प्रश्न तोंडातच राहिले.

बाहेर व्हरांड्यात नवी त्यांची वाट पाहत उभी होती.

“रविवारी माहीत होतं तुम्हाला?”

ताईंना खोटं बोलता आलं असतं. “हो,” त्या म्हणाल्या.

“मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं.” नवीचे डोळे भरून आले होते, पण ते रडणं नव्हतं, संताप होता. “मला घरात ओरडला असतात, कानाखाली मारली असती तरी चाललं असतं. मी तुम्हाला काय समजत होते, ताई!”

घरी ताईंनी यजमानांना सगळं सांगितलं. सांगताना आपली बाजू मांडायचा पुष्कळ प्रयत्न केला. शास्त्र आहे, शास्त्रात भीडभाड नसते, चूक ती चूक.

ते वह्या तपासत होते. “प्रश्न बरोबरच होता तुझा,” ते मान वर न करता म्हणाले. “पण तो माणूस तुझ्या हातात गेला होता. त्याचा दगड करून मारलास तिला, ते नाही बरं दिसलं.”

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

नवीने मासिकाला दुरुस्ती पाठवली. नव्या हिशेबात पांघरुणाचा फायदा इतका आक्रसला की असून नसल्यासारखा. ताईंना वाटलं, संपलं आता हिचं. आणि निवड जाहीर झाली तर प्रमुख म्हणून नवीचंच नाव!

अधिष्ठात्यांनी ताईंना मुद्दाम बोलावून घेतलं. “तुमचे खरे आभार मानायला हवेत,” ते म्हणाले. “समितीचं मत दोघींमध्ये अडलं होतं. पण भर सभेत आपली चूक अशी कबूल करणारा माणूस आम्ही तरी पाहिला नव्हता. तुम्ही तो प्रश्न विचारला नसता तर हे कळलंच नसतं.”

ताई थँक यू म्हणून बाहेर आल्या.

नंतर कित्येक महिने दोघी कामापुरतंच बोलत होत्या. आईकडे एक आली की दुसरीला नेमकं काम निघायचं. आई विचारायची, “काय बिनसलंय तुमचं?” आणि भाऊ म्हणायचा, “ऑफिसचं राजकारण आहे आई, तू पडू नकोस.”

मग एके सकाळी नवी ताईंच्या खोलीत आली आणि न विचारता खुर्ची ओढून बसली.

“पांघरुणाचा अभ्यास पुन्हा करायचाय. या वेळी नीट. पेशंट दारात आला की तिथेच चिठ्ठी काढायची, कुणाला पांघरूण आणि कुणाला नाही. मग कोणीही केव्हाही गेला तरी त्याचा गट बदलणार नाही. प्रमुख संशोधक तुम्ही.”

“उपकार करतेस?”

“मुळीच नाही. माझा राग अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.” नवी टेबलावरची धूळ बोटाने पुसत होती. “पण माझा पेपर इतक्या खुनशीपणाने जगात कोणी वाचला नाही. हा अभ्यास चुकायला नकोय मला. म्हणून तुम्ही हव्या आहात.”

ताईंनी ‘बघते’ म्हटलं. मग दार बंद करून घेतलं आणि लगेच कामाला बसल्या.

अभ्यास चालला तो भांडतच. कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, प्रत्येक वाक्यावर खडाजंगी. सिस्टर म्हणायची, “दोन्ही मॅडम एका खोलीत असल्या की मी फाइल देते आणि पळते.” ताईंनी पाळ्या कमी करून घेतल्या. सावलीतलं काम किती घाम काढतं हे त्यांना तेव्हा कळलं, पण नवीला तसं सांगतील तर त्या ताई कसल्या. निकाल आला. दारातच पांघरूण मिळालं तर थोडी अधिक माणसं वाचत होती. निम्मी वगैरे नाहीत, थोडी. पण ती खरी होती.

निकाल मांडायला दोघी एका परगावच्या परिषदेला गेल्या. ताई व्यासपीठावरून बोलल्या. बोलताना त्यांनी रंगाऱ्याचं उदाहरण घेतलं नाही. घ्यायचं नाही असं घरूनच ठरवून निघाल्या होत्या. संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ताईंनी सवयीने नवीला शोधलं. ती तिसऱ्या रांगेत होती. टाळ्या वाजवत होती, पण तोंड असं झालं होतं जसं कुणीतरी कडू औषध पाजलंय आणि वर हस म्हणून सांगितलंय.

ते तोंड ताईंना पाठ होतं. वर्षानुवर्षं स्वतः घालून हिंडल्या होत्या त्या. त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्याची लाज वाटायचंही राहून गेलं.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या होत्या.

“छान बोललात,” अखेर नवी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

“काही खटकलं का?”

“खटकलं ना. सांगते. लिहून घ्या.”

ताईंनी पर्समधून पेन काढलं.