सरांची बशी

मेंदूतल्या पोकळ्यांच्या अस्तरातील पेशींना सूक्ष्म केस फुटतात आणि त्यांच्या लयबद्ध हालचालीने मेंदूतले पाणी वाहते राहते. हे केस फुटतात कसे, याचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत बाई बावीस वर्षे पेशी वाढवत होत्या. पेशींना पंधरा दिवस अखंड ऊब लागे आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना तासाभराचाही धीर नसे. ऊठसूट उबेच्या पेटीचे दार उघडून ते पेशींच्या काचेच्या बश्या सूक्ष्मदर्शकाखाली नेत. त्यापायी दोन खेपा वाया गेल्या होत्या. बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. तिसरी खेप त्यांची शेवटची.

"सर, पेशी आहेत त्या, गॅसवरचं दूध नव्हे!"

"नुसता डोकावलो हो, बाई."

शेवटी बाईंनी एक बशी वेगळी काढली. "ही तुमची. हवी तितकी बघा. बाकीच्या अकरांना हात लावायचा नाही." आणि त्या अकरा त्यांनी शेजारच्या खोलीतल्या पेटीत कुलूपबंद केल्या.

सोळाव्या दिवशी अकराही बश्यांत केस सळसळत होते. सर हरखून गेले. मग त्यांनी स्वतःची ओकीबोकी बशी पाहिली.

"बाई, माझ्याच बशीकडे दुर्लक्ष केलंत ना?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.