सातवा चॅनेल आणि आप्पांचा प्रश्न

श्री. परशराम ढवळे, म्हणजे आपल्या सर्वांचे आप्पा, यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या आधी स्वतःलाच भेटलो होतो.

मी वर्तमानपत्रात बातम्या नीट करण्याचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी वाद्यवृंदात पेटी वाजवतो. वाद्यवृंदात येऊन मला आठवडाच झाला होता. बेळगावातल्या एका सभागृहात माझा दुसरा कार्यक्रम होता; पहिल्याच्या गडबडीत आप्पांशी ओळख राहूनच गेली होती. भर दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलो, तर आतून आमच्या वाद्यवृंदाचा आवाज येत होता. उशीर झाला या भीतीने मी पायऱ्या धावत चढलो. पायरीवर बसलेला रखवालदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, “ओळगे यारू इल्ल.” आत कोणी नाही.

खरंच नव्हतं. स्टेज रिकामं होतं. ढोलकी गवसणीत होती, माझी पेटी पेटाऱ्यात बंद होती, आणि तरीही ढोलकी वाजत होती, पेटी वाजत होती. मागच्या कार्यक्रमात दुसऱ्या अंतऱ्याला माझं बोट घसरलं होतं. ते बोट माझ्यादेखत, मी बाजूच्या दारात उभा असताना, पुन्हा घसरलं. मग सगळं थांबलं आणि रिकाम्या स्टेजवरून एका पुरुषाच्या आवाजात प्रश्न आला, “आलं का?”

“आलं,” तोच आवाज माझ्या पाठीमागून म्हणाला. मी वळलो. सभागृहाच्या शेवटी, आवाज जुळवायच्या मिक्सरमागे, पांढरा सदरा घातलेले आप्पा बसले होते.

“या पेटीवाले,” ते म्हणाले. “तुमी तर केव्हाच येऊन वाजवाय बसलाय की!”

आप्पा आमच्या वाद्यवृंदाचा आवाज सांभाळतात. त्यांच्या कामाची ही पद्धत या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवी. गाणाऱ्याच्या पायाशी, तोंड वर करून एक स्पीकर ठेवलेला असतो. त्याला मॉनिटर म्हणतात. तो प्रेक्षकांसाठी नसतो. गाणाऱ्याला स्वतःचा आणि साथीदारांचा आवाज नीट मिळावा म्हणून तो असतो, आणि प्रत्येकाच्या मॉनिटरमध्ये काय जावं हे वेगवेगळं ठरवता येतं. तो बिघडला की गायक बेसूर होतो, ढोलकी पळते, मध्येच कान फाडणारी शिट्टी येते. कलाकारांना तासन्‌तास तपासणीत उभं करणं आप्पांना आवडत नाही. ते प्रत्येक कार्यक्रमात प्रत्येक माईकचा आवाज वेगवेगळा साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी कलाकार येण्याआधी तोच रिकाम्या स्टेजवर सोडून मॉनिटर जुळवतात. माईक तपासताना ते इतरांसारखे आकडे मोजत नाहीत. प्रत्येक माईकपुढे जाऊन फक्त “आलं का?” एवढंच विचारतात. त्यामुळे त्यांच्याकडच्या प्रत्येक साठवणीच्या सुरुवातीला त्यांचा हा प्रश्न आहे.

आप्पांचा जन्म वडगावच्या विणकर घरातला. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धागा तुटला हे त्यांना लहानपणी डोळे मिटून सांगता येई, असं त्यांच्या आक्का, म्हणजे थोरल्या बहीण, सांगतात. त्या कानाने त्यांना एक तत्त्व दिलं. कुणी स्टेजवरून “माझा आवाज वाढवा” म्हणालं की ते विचारतात, “काय कमी करू ते सांगा.” माझ्या वडिलांना ऐकू येईनासं झालं तेव्हा घरात आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत असू. आप्पा एकदा चहाला आले, पाच मिनिटं बसले, उठून पंखा बंद केला आणि वडिलांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून साध्या आवाजात बोलू लागले. वडील त्या दिवशी तासभर गप्पा मारत होते. आमच्या घरात तो पंखा वडील समोर असताना पुन्हा लागला नाही.

पण आप्पा काय माणूस आहेत हे मला पूर्ण कळलं ते मंगलताईंच्या प्रसंगाने.

बेळगुंदीच्या शैलाताई आणि मंगलताई या बहिणी आमच्याकडे जोडीने गात. शैलाताई थोरल्या, त्यांचा माईक मिक्सरच्या सातव्या चॅनेलवर, म्हणजे सातव्या वाटेवर. मंगलताईंना स्वतःपेक्षा बहिणीचा आवाज मॉनिटरमध्ये जास्त लागे. थोड्याच दिवसांच्या आजाराने शैलाताई गेल्या. पाच महिन्यांनी मंगलताई पहिल्यांदा एकट्या उभ्या राहिल्या, त्या दुपारी चारच्या एका कार्यक्रमात.

पहिली दोन गाणी आम्ही नुसती वाद्यांवर वाजवली. तिसरं, मंगलताईंचं त्या दिवशीचं पहिलंच, दोघी बहिणींचं नेहमीचं होतं. मी सूर दिला. मंगलताई माईकपुढे उभ्या राहिल्या, पण सुरू करेनात. मान खाली घालून, कुणाची तरी वाट बघावी तशा थांबून राहिल्या. मी पुन्हा सूर दिला. ढोलकीवाले बाळू माझ्याकडे बघू लागले. मग एकाएकी, कुणी खूण केल्यासारख्या, त्या गाऊ लागल्या, आणि इतक्या सुरेख गायल्या की माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं. टाळ्या वाजत असतानाच त्या मॉनिटरकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “आक्का?”

माईक चालू होता. सबंध सभागृहाने ते ऐकलं. टाळ्या थांबल्या, आणि कार्यक्रमही तिथेच थांबला.

पडद्यामागच्या खोलीत मंगलताई सगळ्यांना एकच सांगत होत्या. “आक्का गात होती. खालनं. मला येड लागलेलं न्हाय.”

“घरी जा गं मंगल,” बाळू म्हणाले. “लई लवकर उभी राहिलीस.”

वाद्यवृंदाचे प्रमुख मास्तर दाराशी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, “निपाणीच्या कार्यक्रमाला आपण दुसरी गायिका बघू. नंतरचं नंतर.” गाणं गेलं की मंगलताईंकडे बहिणीचं काय उरणार होतं, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात आप्पा आत आले. कार्यक्रम थांबल्यापासून ते हेडफोन लावून एकेक चॅनेल ऐकत बसले होते.

“तिला काय झालेलं न्हाय,” ते म्हणाले. “चूक माझी हाय. चला, ऐका.”

रिकाम्या सभागृहात आम्ही एकेकाने मंगलताईंच्या मॉनिटरला कान लावला. शैलाताई गात होत्या. मागे अगदी पुसट, दुसऱ्या खोलीतून यावीत तशी, आमचीच पाच महिन्यांपूर्वीची वाद्यं. गाणं संपे, आप्पांचा आवाज “आलं का?” विचारी, आणि शैलाताई पुन्हा सुरू करत.

झालं होतं ते असं. दुपारच्या तपासणीला आप्पांनी जुनी साठवण लावली होती, त्यात ते गाणं फिरतं ठेवलं होतं. नंतर सगळे चॅनेल माईकवर परत आणले, पण सातव्याला माईकच नव्हता म्हणून तो राहून गेला. प्रेक्षकांकडे जाणारा त्याचा आवाज बंद होता. मंगलताईंच्या पायाशी जाणारा चालू होता.

“आप्पा, तुमच्याकडनं असं?” मास्तर म्हणाले.

“व्हय. माझ्याकडनं.”

आप्पा गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. चॅनेल बंद केला असता, की संपलं. तीस वर्षांत त्यांच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळाली नव्हती. ती त्यांनी स्वतः दाखवली, कारण नाहीतर एका बाईला जन्मभर स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवता आला नसता.

तेवढ्यात माझं लक्ष बाळूंच्या हाताकडे गेलं. मॉनिटरशी वाकलेले असताना त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती. ती थांबली.

“हे गाणं मी पळवतो,” ते म्हणाले. “शैला मागं ओढायची. कायमचं भांडण आमचं. आज मी पळवलंच न्हाय.” त्यांनी आमच्याकडे पाहिलं. “आज लय कोण धरून होतं?”

उत्तर सरळ होतं. मंगलताई बहिणीच्या आवाजामागून गेल्या, आणि आम्ही मंगलताईंच्या मागून. सबंध वाद्यवृंद भर दुपारी, दिव्यांच्या उजेडात, शैलाताईंच्या लयीत वाजवत होता. खरंच भूत आलं असतं तरी मी इतका घाबरलो नसतो.

“आप्पा, ते पुसू नका,” मंगलताई म्हणाल्या.

“पुसत न्हाय. पण पायाशी ठेवत न्हाय.”

मास्तरांनी दुसरी गायिका शोधली नाही. निपाणीच्या तपासणीला आप्पांनी जुनी साठवण लावलीच नाही. मंगलताईंना माईकपुढे उभं केलं. त्या म्हणाल्या, “लई मोकळं वाटतंय वो खाली.”

“मोकळंच हाय. तुमी तेवढ्या हाय तिथं.” मग आप्पा त्यांच्या माईकशी वाकले. “आलं का?”

मंगलताईंनी बराच वेळ कान दिला. आम्हीही श्वास रोखून ऐकत होतो. आप्पांच्या प्रश्नापलीकडे काहीच नव्हतं. “आलं,” त्या म्हणाल्या.

कार्यक्रमात तेच गाणं आलं तेव्हा बाळू नेहमीप्रमाणे लय पळवू लागले. मंगलताईंनी मान न वळवता डाव्या हाताने मागे खूण केली आणि लय ओढून त्यांना जागेवर आणलं. शैलाताई ओढत, अगदी तसं. बाळू पुढचं सगळं गाणं हसत वाजवत होते. मंगलताई आजही आमच्याकडे गातात. सातव्या चॅनेलवर आप्पांनी त्यानंतर कुणालाही बसवलेलं नाही.

आप्पा आता साठ वर्षांचे झाले. त्यांच्या हिंडलग्याच्या घरात एक कपाट आहे, आणि आम्ही सगळे त्या कपाटात आहोत: गेलेले, असलेले, माझं घसरलेलं बोटसुद्धा. प्रत्येक साठवणीच्या तोंडाशी आप्पा एकच प्रश्न विचारत उभे आहेत. रिकाम्या स्टेजवरून तो प्रश्न कसा ऐकू येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आप्पांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो, त्यांचे कान असेच शाबूत राहोत. नुसत्या त्यांच्या आवाजाची ती साठवण लावायची गरज आम्हाला फार फार वर्षं पडू नये. प्रत्येक कार्यक्रमाला आप्पांनी पांढऱ्या सदऱ्यात स्वतः स्टेजवर चढावं, माईकशी वाकून विचारावं, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगावं, “आलं, आप्पा.”