रेश्मा शहाणी झाली

आज शाळेच्या कुंपणापाशी सहज थांबले. पहिलीतली मुलं तोंडावर बोट ठेवून रांगेत उभी होती, आणि शेवटची मुलगी त्या बोटाआडून हसत होती. मला रेश्मा आठवली.

मी शाळेत शिकवायची तेव्हा रेश्मा माझ्या दुसरीच्या वर्गात होती. तिची सतत बडबड चाललेली असे. खिडकीत चिमणी आली तरी ती तिच्याशी बोलायची. मारणं तेव्हा बंद झालं होतं. मुलांचं कौतुक करा, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून मी भिंतीवर तक्ता लावला. जो शहाण्यासारखा वागेल, त्याच्या नावापुढे चांदणी. दर शनिवारी मी विचारायची, "एकही चांदणी नाही असं कोण आहे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "रेश्मा!" मी तिला कधी बोटही लावलं नाही, त्यामुळे माझं मन अगदी स्वच्छ होतं.

दिवाळीनंतर ती गप्प झाली. मी तिला चांदणी दिली, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ती हाताची घडी घालून नुसती बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात तिची आई आली. "बाई, पोरगी घरीपण बोलत नाही हो. काल पायात काच घुसली, तरी रडली नाही. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा मला कळलं."

"अहो, शहाणी झाली ती," मी हसून म्हणाले.

आई दारापर्यंत जाऊन परत वळली. मग तिने माझे आभार मानले.