मी बंद केलेल्या गोळ्या

तिसरीच्या वर्गात एका मुलीने सातचा पाढा दोनदा चुकवला आणि मी तिला लाकडी फूटपट्टीने मारलं. एक फटका मारून थांबले नाही. चौथ्या की पाचव्या फटक्याला पट्टीची कड तिच्या भुवईला लागली, कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. बाकीची मुलं भिंतीकडे सरकली. रक्त दिसल्यावरही माझा हात वरच होता, हे मला अजून आठवतं.

तासाभरात तिची आई आली. धानाच्या बांधावरून तशीच आली होती, पायाला चिखल. काही न विचारता तिने सगळ्या वर्गासमोर माझ्या कानाखाली वाजवली. मुख्याध्यापक मध्ये पडले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "इले शाळेत काऊन ठेवता? हे बाई मास्तरीन हाय का कसाईन?"

मी गाल धरून उभी होते. त्या थपडेने मला जरा बरं वाटलं.

बारा वर्षं मी भद्रावती तालुक्यातल्या खेड्यांमध्ये शिकवत होते, आणि तोवर कुठल्या मुलाला साधी चापट मारली नव्हती. त्या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी पोटाचं दुखणं सुरू झालं. मोठ्या आतड्याला जखमा होतात, त्यातून रक्त जातं, दिवसातून बारा-पंधरा वेळा धावावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरीण बाईंनी दुर्बिणीने तपासून सांगितलं होतं की हा आजार कायमचा आहे, पण औषधाने दाबून ठेवता येतो. पुढे रक्त वाढलं तेव्हा रोजच्या गोळ्यांच्या जोडीला त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात रक्त थांबलं. मी पुन्हा एसटीने प्रवास करू लागले, लग्नाकार्यात जेवू लागले.

पण चेहरा फुगला, झोप उडाली आणि अंगात एक राग येऊन बसला. त्याला कारण लागत नसे. नवऱ्याने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर मी तापलेला तवा फेकला. त्याचं कोपर भाजलं. तो माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो, अंगाने दांडगा, पण तेव्हा नुसता कोपरावर पाणी ओतत म्हणाला, "हे गोळ्यायचं हाय, तुझं नाई. डॉक्टरले विचारू."

डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी होती. त्यात ही शाळेतली गोष्ट घडली. त्या दिवशी मी ठरवलं की गोळ्या सोडायच्या. गोळ्या घेतल्या तर पोट बरं राहतं आणि मी लेकरं मारते. नाही घेतल्या तर रक्त जाईल, पण माझंच जाईल. नवऱ्याला हे सांगितलं तर तो ऐकणार नाही, हेही माहीत होतं. तो गोळ्यांचा डबा रोज स्वतः समोर आणून ठेवायचा.

शाळेतल्या एका बाईने मूल शहराच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्याचं नाव सांगितलं. तो कुड्याची साल देतो, तिच्या सासूची जुनी आव त्याने बरी केली, असं ती म्हणाली. रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलने गेलो. नवऱ्याला खाणीतून फोन आला म्हणून तो सडकेवरच बोलत थांबला. मी एकटी अंगणात गेले.

म्हातारा साल ठेचत बसला होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, जीभ पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"दवाखान्याच्या गोळ्या चालू हायेत का?"

"हो बाबा."

"चालूच ठेव. एक बी सोडू नोको. माही साल आवेवर चालते. तुह्या रक्ताचं मले समजत नाई. ताकात घेऊन पाह्य, बरं वाटलं तं वाटलं."

पानात बांधलेली पूड घेऊन मी सडकेवर आले.

"काय म्हनले?" नवऱ्याने विचारलं.

"म्हनले, डॉक्टरच्या गोळ्या बंद कर. तवाच साल लागू होते."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने गाडीचं हँडल सरळ केलं. मग म्हणाला, "ते जुने जाणते मानसं असतात. पाहू." घरी आल्यावर मी त्याच्यासमोर डबा कपाटात वर टाकला.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी अंगातली ताकद गेली, फळ्याजवळ उभं राहवेना. मग पोटात कळा सुरू झाल्या. आतून कोणी आतडं मुठीत धरून पिळत असल्यासारख्या. रक्त परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. मी कुणाला सांगितलं नाही. साडी स्वतः धुतली, सालीची पूड दुप्पट केली. दहाव्या दिवशी शाळेच्या संडासात मी कोसळले. मुख्याध्यापकांनी लाथा मारून दाराची कडी तोडली. ते नंतर म्हणाले की आत पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, बाईला कुणीतरी भोसकलं.

चंद्रपूरला बाटल्या लावल्या, तिथून नागपूर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाई खाटेजवळ आल्या, त्यांचा आवाज चढलेला होता. "स्टेरॉइड असं एकदम सोडायचं नसतं, मी बजावलं होतं. शरीर त्यावर अवलंबून असतं, माणूस मरतो. कुणी बंद करायला सांगितलं?"

मी डोळे मिटून पडले होते, पण जागी होते. नवरा म्हणाला, "एका बुढ्यानं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.

पुढच्या दिवशी पहाटेच तो निघून गेला. दुपार टळल्यावर परतला तेव्हा उजव्या हाताच्या बोटांची सालटी गेली होती. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता.

"काय केलं तुमी?"

"जे कराचं होतं ते." त्याने स्टूल ओढलं आणि सांगू लागला. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. अंगणातले सगळे मडके लाथेने फोडले. वाळत घातलेली साल चुलीत कोंबली. म्हातारा "मी नाई म्हटलं, मी नाई म्हटलं" ओरडत होता, म्हणून त्याच्या तोंडावर दिली. हात जोडायला लागला तेव्हा तोच हात धरून मागे पिरगाळला. "कडकन आवाज आला. आता कोनाले पूड बांधून देत नाई तो."

मी त्याला सगळं खरं सांगितलं. म्हातारा काय म्हणाला होता ते शब्दाला शब्द, आणि सडकेवर मी काय म्हणाले ते.

तो स्टुलावरून उठला आणि त्याने मला मारलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्याने कधी हात लावला नव्हता. डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं, सलाईनची सुई निघाली, चादरीवर रक्त उडालं. नर्सने त्याला छातीला धक्के देत बाहेर काढलं. बाहेरच्या व्हरांड्यात तो मोठ्याने रडत होता, ते मला आत ऐकू येत होतं.

डॉक्टरीण बाईंना मी त्याच संध्याकाळी शाळेतली मुलगी, तवा, सगळं सांगितलं. त्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत? राग येणं हा त्या गोळीचाच त्रास आहे. ती गोळी कायमची नसतेच, थोडी थोडी कमी करून थांबवतो. साल घ्या, ताक घ्या, मी नको म्हणत नाही. पण मला माहीत पाहिजे."

दीड महिन्याने, जरा चालता येऊ लागल्यावर, आम्ही दोघं म्हाताऱ्याकडे गेलो. अंगणात त्याची सून होती. नवऱ्याला पाहताच तिने चुलीजवळचं लाकूड उचललं आणि त्याच्या पाठीवर घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. तो खाली मान घालून उभा राहिला, हातही आडवा केला नाही. चौथ्यांदा लाकूड डोक्याकडे आलं तेव्हा म्हातारा आतून ओरडला, "बस कर! एका घरात किती हाडं मोडता?"

तो बाहेर आला. हात प्लास्टरमध्ये, समोरचे दोन दात नाहीत. मी त्याच्या पायाशी बसले.

"तुले म्हटलं होतं ना मी, बाई? एक बी सोडू नोको म्हून?"

"हो बाबा."

"मंग काऊन सांगितलं याले तसं?"

मी त्या मुलीचं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"परायं लेकरू मारलं म्हून तुले दुखलं. मंग माहं नाव काऊन घेतलं?"

नवरा म्हणाला, "बाबा, चला ठाण्यात. मी सोता सांगतो, मीनं केलं."

"ठान्यात जाऊन हात जुडते का?" म्हातारा म्हणाला. "तू जाय इथून. हे बाई बसू दे, पानी पेऊ दे. तू माह्या अंगनात पाय ठेवू नोको."

तो सडकेवर जाऊन थांबला. सुनेने मला पाणी दिलं, पण पेला हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

त्यानंतर दर सुट्टीच्या दिवशी नवरा त्या गावाला जाऊन सरपण फोडून अंगणाबाहेर रचून यायचा. पाच-सहा आठवड्यांनी सुनेने सांगितलं, येत जाऊ नको, तुझं तोंड पाहून बाबाचं जेवण जात नाही. तेव्हा ते थांबलं. म्हाताऱ्याचा हात वाकडाच जुळला. साल ठेचणं त्याने सोडून दिलं. लांबून आलेल्या लोकांना तो आता दारातूनच परत पाठवतो, असं ऐकते.

स्टेरॉइड चार महिन्यांत सुटलं. बाकीच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षी पुन्हा रक्त दिसलं आणि ती गोळी पुन्हा घ्यावी लागली. या वेळी मी मुख्याध्यापकांना सांगून बिनपगारी रजा घेतली आणि घरी राहिले. एकदा कुकरचं झाकण हातात आलं, ते मी परसात फेकलं. नवरा गोठ्याच्या भिंतीला टेकून पाहत होता. मला शांत व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो तिथेच थांबला, जवळ आला नाही.

दवाखान्यातल्या त्या मारण्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. कधी कधी जेवताना तो माझ्या कपाळाकडे पाहतो, जिथे खाटेचा दांडा लागला होता तिथे, आणि मग ताटातलं अन्न तसंच ठेवून उठतो. मी त्याला बस, जेव म्हणत नाही. त्याने मारलं ते मी विसरले नाही, आणि ज्या खोट्यापायी मारलं तेही.