छतावरची गाठ

मोन्सेला जाऊन नऊ दिवस झाले होते. मयतासाठी रोज संध्याकाळी म्हणायच्या नऊ जपमाळांपैकी शेवटची आज पाचला, मोन्सेच्याच अंगणात. तीनला सेवेरो तिथं पोचला तेव्हा मोन्सेचा जावई एफ्राइन घण घेऊन मैल्याच्या टाकीच्या स्लॅबवर उभा होता. तोंडात पेटती सिगारेट.

"आधी सिगारेट विझव," सेवेरो म्हणाला. "मग खाली उतर."

"काका, वास घ्या जरा! काल माणसं नाकाला रुमाल लावून बसली. आज तर सगळी वस्ती येणार. तुम्ही बांधलेली टाकी फुटलीय, दुसरं काय?"

खुर्च्या मांडणाऱ्या बायका थांबल्या.

सेवेरो एकाहत्तर वर्षांचा. डोंगराच्या या उतारावर त्यानं एकेचाळीस टाक्या खणल्या होत्या, सगळ्या हातानं. या टाकीला एकोणीस दिवस लागले. सहा फुटांवर खडक लागला, तिथून पुढं पहारीनं दिवसाला एक वीत. बादल्या मोन्सेनं ओढल्या होत्या. एकाही टाकीसाठी त्याला आजवर कुणी परत बोलावलं नव्हतं. आजचं बोलणं रात्रीच्या आत वस्तीभर झालं असतं.

"आत गॅस कोंडलाय," तो म्हणाला. "ठिणगी पडली तर जपाला दोन फोटो मांडावे लागतील."

एक बाई फिसकन हसली. एफ्राइन उतरला. "पाचपर्यंत वास गेला नाही तर फोडणार मी."

"फोड. घण मी देईन हातात."

सेवेरो गुडघे टेकून स्लॅबच्या कडेनं तळवा फिरवत गेला. चीर नाही. भोवतालची माती कोरडी. त्यानं आत हाक मारली, "प्रोवीवहिनी, संडासात पाणी सोडा!"

पाणी गेलं. मोरीत गुडगुड झालं आणि झाकणाच्या फटीतून हवेचा गरम फुसकारा त्याच्या तोंडावर आला. टाकी धड होती. हवेला वाट नव्हती.

"भाऊजी, काय झालं?" प्रोवी, मोन्सेची बायको, दारात आली.

"ही हवा छतावरच्या पाइपातून जायला हवी. तिकडं कोण गेलं होतं?"

"कोण जाणार? ते काम यांचं."

"मी चढतो," एफ्राइन म्हणाला.

"तू खुर्च्या मांड, जावईबापू."

शिडीला चौदा पायऱ्या. अकराव्या पायरीवर सेवेरोचा उजवा पाय निसटला. तो दोन्ही हातांवर लोंबकळला. खाली कुणीतरी मारियामातेचा धावा केला. त्यानं पाय चाचपून पायरी शोधली आणि उरलेल्या तीन चढला.

पाइपाच्या तोंडावर जाड प्लॅस्टिकची पिशवी, निळ्या दोरीनं बांधलेली. वादळाचा इशारा आला की सगळा उतार असं बांधतो, पाऊस आत घुसू नये म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी सोडतो. या खेपेचं वादळ समुद्रातूनच वळून गेलं. मोन्सेनं त्याच दिवशी अंथरूण धरलं होतं.

दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं. तापातही गाठ चोख मारली होती. सेवेरोच्या खिशात चाकू होता. त्यानं तो काढला नाही, नखांनी गाठ सोडवली. वेळ लागला. पिशवी निघताच कोंडलेला वास भपकन आला, त्यानं तोंड फिरवलं.

पिशवी सदऱ्यात खोचून, दोरी खिशात घालून तो उतरला.

"काय होतं?" एफ्राइननं विचारलं.

खरं सांगितलं तर चूक मयताच्या नावावर जाणार होती, तीही त्याच्याच जपाला.

"अडकलं होतं काहीतरी."

"म्हणजे पाइपही तुम्ही धड बसवला नव्हता!"

प्रोवी सेवेरोच्या खिशाकडं पाहत होती. दोरीचं टोक बाहेर आलं होतं.

"ती माझी कपडे वाळत घालायची दोरी आहे," ती म्हणाली. "अंगात ताप होता त्यांच्या. मीच म्हटलं, वादळ येतंय, पाइप बांधून या. दोरीही मीच कापून दिली." ती जावयाकडं वळली. "घण आत ठेव. भाऊजींची टाकी शाबूत आहे. पिशवी सोडायचं मी विसरले."

एफ्राइन घण घेऊन आत गेला.

पावणेपाचला सेवेरोनं दोनदा पाणी सोडायला लावलं आणि झाकणाशी वाकून पाहिलं. फुसकारा नाही, वासही नाही. मग एक खुर्ची उचलली, स्लॅबला लागून ठेवली आणि टोपी काढून जपासाठी त्या खुर्चीवर बसला.