दिल्ली ते टोरंटो, एकशे सोळा मिलिमीटर

चांगदेव डुंबरे यांनी नवी मुंबईत पावणे इथल्या एका वर्कशॉपात चौतीस वर्षं लेथवर काम केलं. जुन्नरहून आले तेव्हा मिसरूड फुटत होतं, रिटायर झाले तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा स्वभाव मात्र तसाच राहिला. शिंप्यानं कमरेचं माप सांगितलं तरी हे टेप मागून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी रुतिका नोकरीसाठी टोरंटोला निघाली. दिल्लीहून थेट विमान होतं. कोपरखैरण्याच्या घरात चांगदेव सकाळपासून मोबाइलवर त्या विमानाचा ठिपका बघत बसले. ठिपका पश्चिमेला वळेचना. वर, आणखी वर, पार रशियात.

“स्मिता, हे विमान भलतीकडेच चाललंय गं.”

“पायलटला रस्ता माहीत असेल. तुम्ही चहा घ्या,” बायको म्हणाली.

त्यांनी रुतिकाचा शाळेतला नकाशा काढून पट्टी ठेवली. सरळ रेघ भूमध्य समुद्रावरून जात होती. विमान तर ग्रीनलँडच्या बर्फावर पोचलं होतं. रुतिका सुखरूप उतरली, पण यांच्या डोक्यातलं विमान काही उतरेना.

सोमवारी ते पावण्याला गेले. वर्कशॉपचा मालक भावेश हसला. “काका, रिटायर झालात ना? आता काय बनवायचंय?”

“पृथ्वी.”

नायलॉनच्या जाड दांड्याचा एक तुकडा पडून होता. चांगदेवांनी त्याचा गोळा कातला. व्यास बरोबर एकशे सत्तावीस पूर्णांक तीन मिलिमीटर, म्हणजे घेर चारशे. एक मिलिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर! अक्षांश-रेखांश आखून त्यांनी दोन्ही शहरांवर टाचण्या ठोकल्या आणि दोरा ताणला. दोरा आपसूक वर सरकला आणि ग्रीनलँडवर जाऊन बसला. माप आलं एकशे सोळा. मग नकाशावरची सरळ वाट गोळ्यावर आखून मोजली, ती भरली एकशे एक्केचाळीस.

“भावेश, वाकडी दिसते तीच जवळची रे! अडीच हजार किलोमीटर वाचले पोरीचे!”

त्यांनी तिथूनच रुतिकाला फोन लावला. “ग्रीनलँड बघितलंस का?”

“बाबा, मी झोपले होते.”

ते जरा हिरमुसले. घरी येऊन त्यांनी गोळा स्मिताबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट फिरवला. “आपल्यापासून सगळ्यात लांब काय आहे हो?”

चांगदेवांनी मुंबईच्या बरोब्बर पाठीमागे बोट ठेवलं. “इथे. वीस हजार किलोमीटर. नुसता समुद्र.”

“म्हणजे त्या मानानं पोरगी जवळच आहे.”

‘नुसता समुद्र’ हे तरी चांगदेवांनी कुठे तपासलं होतं? चष्मा पुसून ते त्या समुद्रात एखादं बेट सापडतंय का, ते नकाशात शोधू लागले.