लग्नसराईतला अभ्यास

माघ संपता संपता एका सकाळी बाबा संध्येला बसले आणि आचमनाचं पाणी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून खाली ओघळलं. त्यांनी पुन्हा पळी तोंडाशी नेली, पुन्हा तसंच झालं. काय होतंय ते विचारायला ते माझ्याकडे वळले, तेव्हा मला दिसलं की त्यांचा चेहरा एका बाजूनं खाली उतरला आहे आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही.

आम्ही तेव्हा अमरावतीला राजापेठेत राहत होतो. बाबा भिक्षुक होते. शहरातली वकील-मास्तरांची काही घरं आणि मोर्शीच्या वाटेवरची पाच-सात गावं त्यांची यजमान होती. मी कॉलेजात इंटर सायन्सच्या वर्गात होतो.

डॉक्टरांनी बाबांचे हातपाय हलवून पाहिले, डोळे मिटायला सांगितले, शीळ घालायला सांगितली. बाबांना शीळ आयुष्यात माहीत नव्हती, तेवढ्यातही आईला हसू आलं.

"अर्धांगवायू नाही," डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेक सुधारेल, पण काही महिने जातील. बोलणं मात्र सोडू नका."

बोलणं सोडू नका म्हणणं सोपं होतं. बाबांना ओठांवरची अक्षरंच म्हणता येईनात. प, फ, ब, भ आणि म. आता मंत्रांतून 'म' काढला तर मागे उरतं काय? नमः म्हणायला जावं तर नुसती हवा बाहेर पडे. दोन यजमानांच्या घरी त्यांनी रेटून पाहिलं. तिसऱ्या दिवशी झोळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू जा."

मुंजीपासून मी त्यांच्याजवळ बसून सगळं शिकलो होतो, त्यामुळे जाणं अवघड नव्हतं. अवघड होती ती वेळ. इंटरची परीक्षा तोंडावर होती आणि तिच्यामागे दुसरी उभी होती. नागपूरच्या मेडिकल शाळेत जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून निवडीसाठी वेगळी परीक्षा घेणार, असं आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रोफेसरांनी वर्गात सांगितलं होतं. मी अर्ज करून बसलो होतो.

मला डॉक्टर का व्हायचं होतं, हे आईला कधी नीट कळलं नाही. "प्रेताले हात लावशील, अन् मग पूजा कोण करू देईल तुले?" ती विचारायची. बाबांनी तो प्रश्न एका वाक्यात मिटवला होता. विटाळ आंघोळीनं जातो, असं ते म्हणाले होते. ते स्वतः पटकीच्या एका साली गावोगाव दहावे-तेरावे करत फिरले होते, आणि मी त्यांच्याबरोबर होतो. गेलेल्या लहान मुलांची पांघरुणं दोरीवर वाळत घातलेली मी पाहिली होती. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

इंटरची परीक्षा कशीबशी दिली आणि लग्नसराई सुरू झाली. वैशाखातलं वऱ्हाडातलं ऊन, युद्धामुळे पेट्रोल नाही, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या आणि चढावर उतारूंनी उतरून धक्का द्यायचा. रॉकेलही मोजून मिळे, त्यामुळे रात्री दिवा जाळून वाचायचा प्रश्नच नव्हता. अभ्यास जो व्हायचा तो दिवसा, मांडवात. हळद आणि लग्न यांच्या मधल्या वेळात मी यजमानाच्या संत्र्याच्या बगीच्यात जाऊन बसे. झोळीत पंचांगाच्या खाली रसायनाचं नाहीतर प्राणिशास्त्राचं पुस्तक असे.

एकदा पाणी आणून देणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "महाराज, कोणची पोथी वाचून राहिले?"

"बेडकाची," मी म्हणालो आणि चित्र दाखवलं.

तिनं ते बराच वेळ पाहिलं. "याच्या पोटात एवढं आहे काय?" असं म्हणून ती गेली आणि चार जणींना घेऊन परत आली. त्या दुपारी बेडकाचं काळीज, फुप्फुसं आणि आतडी मी वऱ्हाडीत समजावून सांगितली. ते प्रकरण मी पुढे कधी विसरलो नाही.

माझी खरी अडचण वेगळी होती. मला पाठ करायची सवय. प्रोफेसरांकडे मी वेळ मिळेल तसा गणितं दाखवायला जाई. ते वही बाजूला सारून म्हणत, "तुम्ही नियम मंत्रासारखे म्हणता. स्वर चुकत नाही, पण गणित सुटत नाही. म्हणू नका, विचार करा." मी घरी येऊन विचार करायला बसे, आणि दारात कोणीतरी साखरपुड्याचा मुहूर्त विचारायला उभं असे.

मग परीक्षेची तारीख कळली. पंचांग काढून पाहिलं तर आदल्याच दिवशी मोर्शीकडच्या एका पाटलांच्या मुलीचं लग्न, गोरज मुहूर्तावर. ती तिथी मीच दोन महिन्यांपूर्वी काढून दिली होती. संध्याकाळी तिथं अक्षता टाकून सकाळी नागपूरला पोचणं शक्य नव्हतं. दुसरा भिक्षुक मिळेना, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच दोन-दोन लग्नं होती. अकोल्याला माझा चुलत भाऊ हेच काम करी, त्यालाही विचारून झालं. तोही अडकलेला.

मी ठरवलं की परीक्षा पुढच्या वर्षी देऊ. तसं बाबांना सांगितलं.

 सावकाश, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "लग्न मी लावीन." त्यातला 'मी' मला ऐकू आला नाही, अंदाजानं कळला.

"बाबा, मंगलाष्टकं म्हणता येतील तुम्हाला? भरल्या मांडवात कोणी हसलं तर?"

"हसतील," ते म्हणाले. "तू जा."

हे बोलणं चालू असतानाच बाजाराला आलेले पाटील घरी डोकावले. धोतराचा सोगा हातात धरलेला, कपाळाला घाम. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं होतं. खाटेवर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि मला म्हणाले, "महाराज, तुमी कावून एवढा घोर करून राहिले? माह्या लग्नात गुरुजीच होते, पोरीच्या लग्नातबी राहतीन. तुमी नागपूरले जा."

"पण पाटील, त्यांची जीभ…"

"जीभ अडली तं आमी थांबू. मुहूर्ताले घाई हाय, आमाले नाही."

यावर बाबा हसले. एकाच बाजूनं हसले, पण हसले. मी बडनेऱ्याहून गाडी धरली.

परीक्षेचा पहिला तास माझं चित्त कालच्या मांडवात होतं. प्रश्न वाचत होतो आणि बाबांचे ओठ दिसत होते. मग एक गणित आलं, तुळईवरच्या वजनांचं. पाठ केलेला नियम त्याला लागेना. प्रोफेसरांचं बोलणं आठवलं आणि मी लेखणी खाली ठेवून नुसता बसलो. वजनं मनातल्या मनात सरकवून पाहिली, आणि गणित सुटलं. त्यानंतर मांडव मनातून गेला.

तोंडी परीक्षेला तीन डॉक्टर होते. त्यांतल्या एका वयस्क गृहस्थांनी वडिलांचा व्यवसाय विचारला, मग गेले दोन महिने काय वाचत होतात असं विचारलं.

"लग्नं लावत होतो," मी खरं ते सांगितलं.

तिघंही हसले. "मग धंदा चांगला चालला आहे की. इकडे कशाला येता?"

या प्रश्नाचं इंग्रजी उत्तर मी घोकून नेलं होतं. ते साफ विसरलो. मोडक्यातोडक्या वाक्यांत मी सांगितलं की आम्हाला लोक दहाव्यालाही बोलावतात, आणि त्या वेळी आमच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. ते गृहस्थ हसायचे थांबले. मग त्यांनी बेडकाचं काळीज विचारलं.

घरी पोचलो तर अंगणात पाटलांची बैलांची दमणी सोडलेली आणि पाटील ओसरीवर चहा पीत बसलेले. बाबांना स्वतः पोचवायला ते आले होते. मी चप्पलही काढली नव्हती, तोच त्यांनी सुरुवात केली.

"लगन लागलं, महाराज. मस्त लागलं. म्या लोकाइले आधीच सांगून ठेवलं होतं, गुरुजी थांबले का आपुन म्हणाचं. गुरुजीनं 'शु' म्हटलं अन् थांबले, का साऱ्या मांडवानं 'शुभमंगल सावधान'. लहान लेकरंबी वरडत होते. माही बहीण म्हणे, असं लगन तं कोणी लावलंच नाही."

"कोणी हसलं नाही?" मी विचारलं.

"नवरदेव हसला," बाबा आतून म्हणाले. "त्याला ते आवडलं." या दोन्ही वाक्यांत ओठांवरची अक्षरं नव्हती, म्हणून ती स्वच्छ आली. त्यांनी ती तशी निवडली असावीत. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. निकाल काय लागेल ते लागो, माझ्या छातीवरचं ओझं तिथंच उतरलं. आईनं ताट वाढलं आणि मी दोनदा मागून भात घेतला.

वटपौर्णिमेला मी गावाबाहेरच्या एका वडाखाली बायकांना पूजा सांगत होतो. एक पंगत उठली, दुसरी बसत होती. उठलेल्यांत आमच्या प्रोफेसरांच्या पत्नी होत्या. दक्षिणा ठेवून वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, हे काल नागपूरहून आले. निवड झालेल्यांत तुमचं नाव आहे म्हणतात. चौकशी करूनच आले आहेत."

मला उठून धावत घरी जायचं होतं. समोर बायका ताम्हनं मांडून बसलेल्या. मी संकल्प सुरू केला, आणि काही वेळानं एक आजीबाई म्हणाल्या, "महाराज, जरा सावकाश सांगा. आमचा देव पळून नाही चालला."

सगळे हसले, मीही हसलो. मग ती पूजा आणि तिच्यामागच्या साऱ्या पूजा मी सावकाश सांगितल्या. इतक्या मजेत मी यजमानकृत्य कधीच केलं नव्हतं.

घरी बाबा भिंतीकडे तोंड करून 'प'चा सराव करत बसले होते. पाटलांकडच्या लग्नानंतर ते रोज तासभर असे बसत, आणि 'ब' जवळजवळ परत आला होता. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले. एक डोळा आपोआपच पाझरे, त्यामुळे दुसऱ्याचं काय ते मी विचारलं नाही.

"आता यजमानांचं काय?" आई म्हणाली.

बाबा दुसऱ्याच दिवशी अकोल्याला गेले आणि पुतण्याला घेऊन आले. लग्नसराई संपल्यामुळे तो मोकळा होता. चातुर्मासभर त्यानं राहायचं, पुढे बाबा पाहून घेतील, असं ठरलं. त्याला गावं दाखवायला मी आठवडाभर हिंडलो. त्या पाणी देणाऱ्या म्हातारीनं माझ्याजवळ बेडकाची विचारपूस केली.

निघालो त्या दिवशी गाडीला गर्दी होती, पण खिडकीजवळ जागा मिळाली. बडनेरा सुटलं तसे माझे डोळे मिटले. शेजारच्या गृहस्थांनी नागपूर आल्यावरच मला हलवून उठवलं.